भिंतीवरचा भागाकार

किस्से कसे साठतात म्हणाल, तर आमच्या फडताळातल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत, धुऊन-पुसून ठेवले जातात, आणि कशाला ठेवले असं आमच्या ह्यांनी विचारलं तर सांगता येत नाही. मग एक दिवस दार उघडावं तर सगळे एकदम अंगावर. गेल्या वर्षी शेजारच्या शाळेतल्या पाचवी ब चे किस्से माझ्याकडे असेच साठले. अंगावर येण्याआधी आपणच काढून मांडलेले बरे.

शाळेचं नाव सांगत नाही. अमरावतीत आमच्या मागच्या अंगणाची आणि शाळेची भिंत एक आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर मुख्याध्यापक देशमुख सर विचारतील, "काकू, लेखी परवानगी घेतली का?" आणि मी पडले बाईमाणूस, मी देवाकडून तोंडी परवानगी घेते.

०

श्रावण लागला की मी मागच्या ओसरीवर बसून वाराची कहाणी मोठ्यानं वाचते. ऐकायला घरात कोणी नसतं. मुलगा-सून पुण्याला. आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं कोर्टात वकिली केली, त्यामुळे दुसऱ्या बाजूचं म्हणणं आल्याशिवाय ते कोणाचंच मनावर घेत नाहीत. म्हणून देवासाठीच वाचते, आणि देव लांब राहतो म्हणून मोठ्यानं.

एका दुपारी कहाणी संपवली, अक्षता वाहिल्या, वर पाहिलं तर भिंतीवर ओळीनं पंधरा-सोळा डोकी. शाळेची मधली सुट्टी होती.

"काकू, मंग राजानं तिले माफ केलं का नाई?" एकानं विचारलं.

"केलं ना बाळा. आत्ताच तर वाचलं."

"वाचलं हो. पन खरंच केलं का?"

हा गौरव. राजे लोकांवर त्याचा विश्वास नव्हता.

तेवढ्यात भिंतीपलीकडून एक मोठं डोकं वर आलं. मेश्राम मॅडमचं. मॅडम पाचवी ब ला गणित शिकवतात, रोज परतवाड्याहून जाणं-येणं करतात. कशावर उभ्या होत्या देव जाणे. म्हणाल्या, "काकू, रागावू नका. तुमच्या कहाणीला माझा अर्धा वर्ग भिंतीवर चढतो. माझ्या भागाकाराला पूर्ण वर्ग बाकावर असतो, पण हजर कोणी नसतं. तुम्हीच आत येता का?"

म्हटलं, "मॅडम, मला गणित येत नाही."

"गणिताचं मी पाहते. तुम्ही पुस्तकातून गोष्ट सांगायची. मध्येच थांबायचं, की मी हळूच गणित सरकवते."

"म्हणजे शिऱ्यात लपवून कडू गोळी."

"आता कसं बोललात."

०

गोष्टीची पुस्तकं शाळेत नव्हती असं कोणी म्हणू नये. चांगलं कपाटभर होती. चकचकीत, चित्रांची, मोठ्या अक्षरांची. फक्त कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली देशमुख सरांच्या खिशात. मुलं हात लावतील, पुस्तकं मळतील, ही काळजी. तीन वर्षांत एकाही पुस्तकाचं पान दुमडलं नव्हतं, आणि या गोष्टीचा सरांना इतका अभिमान की कोणी पाहुणा आला तर ते कपाट बाहेरून दाखवायचे.

सरांचा आणखी एक नेम. शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं की ते फक्त प्रमाण भाषा बोलायचे. देवळाबाहेर चपला काढाव्यात तशी वऱ्हाडी फाटकाबाहेर काढून ठेवायची, जाताना घालून जायची.

"गोष्टीतून गणित?" सर म्हणाले. "पाचवीच्या वर्गाला? गोष्टी पहिली-दुसरीला ठीक आहेत. आणि या काकूंची गणितातली पात्रता काय?"

मॅडम म्हणाल्या, "महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या, चतुर्थीचे एकवीस मोदक, सत्यनारायणाचा सव्वापट शिरा. चाळीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत, सर."

मेश्राम मॅडमच्या घरी बुद्धवंदना, व्रतवैकल्यं नाहीत. पण माझी यादी त्यांना माझ्या सुनेपेक्षा पाठ.

सरांनी बराच विचार केला. म्हणजे छताकडे पाहिलं. मग अट घातली. दिवाळीनंतर तपासणीला साहेब येणार. तोवर पाचवी ब चा भागाकार सुधारला तर गोष्टीचा तास चालू. नाही सुधारला तर पुस्तकं कपाटात आणि कपाटाला कुलूप.

मी घरी आले, हातपाय धुतले आणि महादेवापुढे सोळा सोमवार बोलले. म्हटलं, देवा, या पोरांना भागाकार येऊ दे आणि ते कपाट उघडं राहू दे.

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "लग्नाआधी केले होतेस ना सोळा सोमवार?"

"केले होते."

"त्याचं फळ इथे खुर्चीत बसलंय. तरी परत?"

०

तास सोमवारी आणि गुरुवारी ठरला. सोमवारी माझा उपास, संध्याकाळच्या पूजेपर्यंत पोटात काही नाही. आणि महादेवाची लीला अशी, की कपाटातल्या पुस्तकांत जो तो प्राणी खातच सुटलेला. एकात अस्वल लाडू खातं. दुसऱ्यात माकडीण केळी वाटते. तिसऱ्यात आख्खं जंगल खिरीच्या पातेल्याभोवती बसलेलं. लिहिणाऱ्यांनी ही पुस्तकं बहुतेक एकादशीला लिहिली असावीत.

वर्गात खिडकीजवळ एक मुलगी बसायची, साक्षी. गणिताच्या तासाला तोंड उघडायची नाही आणि वहीत एक आकडा लिहायची नाही. मॅडम म्हणायच्या, "चुकलेलं उत्तर लिहिलं असतं, तर निदान काय चुकतं ते तरी कळलं असतं. हिची कोरी वही मी तपासू काय?" तिची आई सांगायची, सोमवार-गुरुवार पोरगी आपण होऊन वेण्या घालून दारात उभी असते. बाकीचे दिवस पोट दुखतं.

तर एका सोमवारी अस्वलाची गोष्ट चालली होती. अस्वलानं एक लाडू खाल्ला, मग दुसरा खाल्ला, असं करत मी सातव्यावर आले आणि मॅडमना गणित सरकवता यावं म्हणून थांबले.

खिडकीतून आवाज आला, "काकू, तुमी काऊन थांबून राह्यल्या ते मले माईत हाय."

सगळा वर्ग वळला. साक्षीचा आवाज कोणी ऐकलाच नव्हता.

"काऊन गं?"

"अस्वलानं सात लाडू खाल्ले, अन् तुमी सात खेपा थुंकी गिळली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी मात्र मला दाराशी ओढलं आणि कानात सांगितलं, "काकू, पोरगी मोजून राहिली."

त्या सोमवारपासून मी गोष्टीत सावकाश गिळायला लागले. शिक्षणासाठी काय काय करावं लागतं.

०

अपूर्णांकाचा दिवस. पुस्तकात एक राजा, त्याला चार मुलं. राजा म्हातारा झाला, त्यानं राज्याचे चार सारखे भाग केले आणि प्रत्येकाला पाव राज्य दिलं. चित्रात राज्य गोल होतं, पोळीसारखं, आणि त्यावर दोन रेघा.

मॅडमनी फळ्यावर तोच गोल काढला. "सांगा, मोठ्या मुलाला किती मिळालं?"

गौरवनं हात वर केला. "मॅडम, कोनता पाव?"

"कोणता म्हणजे? चारही सारखे आहेत."

"कसे सारखे? विहीर कोन्त्या तुकड्यात हाय?"

मॅडमनी चित्र जवळून पाहिलं. विहीर काढलेली नव्हती.

"समज, विहीर नाहीच."

"मंग सगळंच कोरडवाहू. राजा कायचा तो?"

मागून दुसरा म्हणाला, "अन् रस्त्याच्या कडंचा पाव कोनाले? त्याचे भाव वेगळे राह्यते." तिसरा म्हणाला, आमच्या आबानं दोनच भाग केले होते, तरी दोन्ही काका अजून बोलत नाहीत.

तास संपेपर्यंत वर्गात चार पक्ष पडले आणि प्रत्येक पक्षाला विहिरीचा तुकडा हवा होता. शेवटी मॅडमनी फळा पुसला आणि राज्याच्या जागी पोळी काढली. पोळीला विहीर नसते.

मी हा सगळा प्रकार घरी सांगितला. आमचे हे आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर पेपर खाली ठेवून म्हणाले, "त्या पोराला म्हणावं, मोठा झाला की भेट. माझी सगळी प्रॅक्टिस त्याच विहिरीवर चालली."

०

होडीचा किस्सा लहान आहे, पण मॅडमच्या फार जिव्हारी लागलेला. गोष्टीत नदीला पूर, काठावर चौतीस प्राणी, आणि होडीत एका वेळी दहाच बसतात. खेपा किती?

मॅडम सांगत होत्या, तीन खेपांत तीस गेले, उरले चार, त्यांना चौथी खेप. म्हणून उत्तर चार. उरलेल्यांसाठीही एक खेप लागते, हे त्यांना मुलांच्या मनावर ठसवायचं होतं.

गौरव म्हणाला, "चार कायले? दोन खेपात होते."

"कसं?"

"परतवाड्याच्या जीपीत दहाची जागा असते अन् सोळा बसते. दोन खेपात बत्तीस. दोघं मांगं लटकून."

गणित बरोबर होतं. मॅडमनी दोनदा करून पाहिलं. मुलं त्यांच्याकडे बघत होती, आणि त्या काही बोलू शकत नव्हत्या, कारण सकाळी त्या त्याच जीपनं आल्या होत्या.

"मॅडम," गौरवनं अदबीनं विचारलं, "तुमी बसून आल्या का लटकून?"

०

आता माझ्या पापाचा किस्सा. लपवून काय करू.

माझं माहेर बार्शीटाकळीचं. आईनं एक गोष्ट हाडीमासी रुजवली: डब्याचा तळ दिसू द्यायचा नाही. तांदूळ असोत, कणीक असो, लाडू असोत; वाटा, खा, द्या, पण तळाशी मूठभर तरी राहिलं पाहिजे. डबा रिकामा झाला की अन्नपूर्णा घरातून उठून जाते. मी इतकी वर्षं हे पाळत आले. आता पाळते हेही माझ्या ध्यानात येत नाही, श्वासासारखं झालंय.

तर महिनाभर आम्ही वाटपाच्या गोष्टी सांगितल्या. माकडिणीची केळी, सशाची गाजरं, म्हातारीचे लाडू. गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी मी शेवटी म्हणायची, "अन् म्हातारीनं डबा रिकामा नाही हो केला. एक लाडू तळाशी ठेवला, मग उरलेले सारखे वाटले, आणि जे वाटता येईनात ते परत डब्यात." पुस्तकात असं काही नव्हतं. मॅडम त्या वेळी फळ्यावर लिहीत असायच्या. मुलं मात्र माझ्याकडे बघत असायची.

दिवाळीआधी चाचणी झाली. छत्तीस पेरू, सहा मुली, प्रत्येकीला किती?

तीस मुलांच्या तीस पेपरांवर एकच उत्तर: प्रत्येकीला पाच, बाकी सहा.

छप्पन्न भागिले सात? सात, बाकी सात. जिथे मुळातच काही उरत होतं ती सगळी उदाहरणं बरोबर. जिथे शून्य उरायला पाहिजे ती सगळी चूक. साक्षीचा पेपरही कोरा नव्हता. वर्षात पहिल्यांदा तिनं उत्तरं लिहिली होती, सगळी चूक, पण काय ठसठशीत अक्षर!

देशमुख सरांनी वर्गात येऊन आम्हा दोघींसमोर पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "तीस मुलं आणि एकच चूक. ही सामुदायिक कॉपी आहे."

मॅडम म्हणाल्या, "सर, कॉपी केली असती तर एखाद्यानं बरोबर उत्तराची केली असती."

सरांनी गौरवला बोलावलं. "छत्तीस पेरू सहा मुलींना सहा-सहा दिले तर बाकी शून्य येते. तू बाकी का ठेवलीस?"

"सर, टोपली रिकामी कशी करा लागते? घरातलं अन्न चाललं जाते."

"असं कोणी सांगितलं?"

गौरव माझ्याकडे पाहीना. किती गुणाचं पोर. पण बाकीच्या एकोणतीस जणांनी पाहिलं.

सरांनीही माझ्याकडे पाहिलं. मी महादेवाकडे पाहायला मान वर केली, तर भिंतीवर सुट्ट्यांचं कॅलेंडर होतं.

पुस्तकं कपाटात गेली. कुलूप लागलं. किल्ली खिशात पडल्याचा आवाज मला घरापर्यंत ऐकू येत होता.

रात्रीचं जेवण मी तसंच ठेवलं. ह्यांनी विचारलं, "तास कायमचा बंद?"

"साहेब येईपर्यंत. ते म्हणतील तसं."

"मग रडतेस कशाला? तारीख पडली. तारीख पडली म्हणजे केस जिवंत आहे."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं केलेलं हे सगळ्यात लांबलचक सांत्वन.

०

दिवाळीची सुट्टी संपली. साक्षीची आई भाजीच्या गाडीवर भेटली. म्हणाली, "काकू, आता सोमवारी बी पोट दुखते तिचं."

मी त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ओसरीवर जाऊन बसले. पुस्तक नव्हतं, तोंड होतं. अर्ध्या घटकेत भिंत भरली.

तिसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली: 'भिंतीवर बसू नये. आज्ञेवरून.' सुवाच्य अक्षर, खाली सही, शिक्का.

चौथ्या दिवशी मुलं भिंतीपलीकडे विटा रचून उभी राहिली. नुसती हनुवटी भिंतीवर. देशमुख सर तरातरा आले. "पाटी वाचता येत नाही का?"

गौरव म्हणाला, "येते ना सर. बसू नये. आमी कुठं बसलो?"

सरांनी भिंतीवरून आमच्या अंगणात पाहिलं. आमचे हे खुर्चीत पेपर वाचत होते. पेपरामागून आवाज आला, "कायद्यात बसतं, देशमुख साहेब."

सर गेले. पाटी तशीच राहिली. त्यांच्यात एक गुण आहे, त्यांना लेखी गोष्ट मोडवत नाही, मग ती त्यांचीच का असेना.

राहिली होती माझी चूक निस्तरायची. मॅडमही भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काकू, आता तुम्हीच सांगा पोरांना. म्हातारीनं सगळे लाडू वाटले आणि डबा रिकामा झाला. एवढंच वाक्य."

मी घसा खाकरला. "म्हातारीनं सगळे लाडू वाटले… आणि डबा…"

"रिकामा."

"डबा… घासायला टाकला."

"काकू!"

"अहो, भरल्या घरात कसं म्हणू? तुम्ही म्हणा ना, तुम्हाला चालतं."

मॅडमनी कपाळाला हात लावला आणि मुलांकडे वळल्या. "हे बघा रे पोट्टेहो. काकूंच्या घरचा डबा वेगळा, गणिताचा डबा वेगळा. गणिताचा डबा रिकामा होतो, त्याला कोणी रुसत नाही. समजलं?"

सगळ्या हनुवट्या हलल्या. समजलं की मान दुखत होती, ते कळायला मार्ग नव्हता.

०

सोळा सोमवार पुरे झाले. सतरावा उद्यापनाचा. पहाटे उठून सव्वा किलो कणकेचा चूरमा केला, तूप-गूळ घालून लाडू वळले. पूजा-नैवेद्य उरकून नियमाप्रमाणे तीन भाग केले: एक देवाला, एक गुरवाला, एक घरच्यांना. घरचे म्हणजे आम्ही दोघं, त्यात ह्यांना डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. मी घरच्या वाट्याच्या लाडवांचा डबा पुढ्यात घेऊन विचार करत बसले होते, तेवढ्यात भिंतीवर मॅडमचं डोकं आलं. "काकू, साहेब आलेत. पाचवी ब मध्ये जाताहेत. तुम्ही या."

डबा हातात होता तो हातातच राहिला. तशीच गेले.

साहेब तरुण होते, हातात टॅब. देशमुख सरांनी हुशार मुलं पुढच्या बाकावर बसवली होती आणि साक्षीला खिडकीच्या कोपऱ्यात, खांबाच्या आड. साहेबांनी वर्गावर नजर फिरवली. पुढच्या बाकावरून ती जी घसरली, ती थेट खांबापाशी थांबली.

"ती खांबामागची मुलगी. उभी राहा बाळ."

साक्षी उभी राहिली. मॅडमनी खडू घट्ट धरला. सरांनी डोळे मिटले. मी महादेवाला म्हटलं, सोळाच्या सोळा केलेत, आता तू बघ.

साहेबांना माझ्या हातातला डबा दिसला. "सोपं विचारतो. एका डब्यात चोवीस लाडू आहेत. मुलं चार. प्रत्येकाला किती?"

साक्षीनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साहेबांचं बोट टॅबवर सरकायला लागलं, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, डबा कोनाचा?"

"कोणाचाही असो. त्यानं काय होतं?"

"होते ना. गनिताचा डबा असन तर सहा-सहा, बाकी शून्य. काकूचा डबा असन तर पाच-पाच, बाकी चार."

साहेबांनी टॅब खाली केला. "चार का? तळाशी ठेवायचा असेल तर एक ठेव. बाकी एक."

"एक ठेवला तर राह्यले तेवीस. तेवीस चौघाईत सारखे नाई होत. पाच-पाच दिले का वीस गेले, वर राह्यले तीन. त्याईले फोडता काय? ते बी डब्यातच जाते. तीन अन् तळचा एक, चार."

साहेबांचे ओठ हलत होते. मनात वजाबाकी करत असावेत. मग त्यांनी टॅब सरांपुढे धरला. "सर, यात दोनच चौकोन आहेत. बरोबर आणि चूक. कोणता भरू?"

सर साक्षीकडे पाहत राहिले. वर्षभर तिचा आवाज त्यांनीही ऐकला नव्हता.

साहेबांनी टॅब बंद केला आणि माझ्या डब्याकडे पाहून विचारलं, "यात खरंच लाडू आहेत का हो?"

वाटायचं काम देशमुख सरांनी आपल्याकडे घेतलं, पाहुण्यांसमोर शिस्त हवी म्हणून. आधी साहेबांना, मग बाकावरून बाकावर, एकेक लाडू, मोजून. शेवटचा साक्षीला. मग मॅडमना, मला, शिपायाला. स्वतःही अर्धा तोंडात टाकला. तोवर साहेबांचा लाडू संपला होता. ते जवळ आले, डब्यात वाकून पाहिलं. तळाशी एकच उरला होता. साहेबांनी हात पुढे केला.

सरांनी झाकण लावलं. दुसऱ्या हातानं खिशातून कपाटाची किल्ली काढून मेश्राम मॅडमपुढे धरली, आणि साहेबांना म्हणाले,

"राहू द्या साहेब. डबा काकूचा हाय."